जेसीबीचं पिल्लू

माती खोदायचं मशीन घेतलं तेव्हा ज्याला त्याला एकच प्रश्न पडला. भाड्यानं नाही का मिळत?

मिळतं की. खंडवा रोडवर तेजाजी नगरपासून सिमरोलपर्यंत चार-पाच ठिकाणी पिवळी मशीनं सोंड जमिनीला टेकवून उभीच असतात. फोन केला की तासाभरात बांधावर हजर. बाराशे रुपये तास, डिझेल त्यांचं, ड्रायव्हर त्यांचा, बिघडलं तर डोकेदुखीही त्यांचीच. पुण्याहून दादानं फोनवर हिशेब मांडला. "चार लाख वीस हजारांत साडेतीनशे तास भाड्यानं मिळतात. आपल्या साडेतीन बिघ्यांत तू साडेतीनशे तास खोदलंस ना, तर शेषनाग वर येऊन विचारेल, बाई, तुझं हरवलंय तरी काय?"

हरवलंच होतं. पण ते फोनवर कसं सांगणार!

आमचं शेत सिमरोलच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. साडेतीन बिघे म्हणजे पाऊण हेक्टरलाही थोडं कमीच. कोपऱ्यात आजोबांनी होळकरी अमलात बांधलेली विहीर आहे. चुन्यात बसवलेले काळे घडीव दगड, पायऱ्या अर्ध्यापर्यंत शाबूत. अण्णा, म्हणजे आमचे वडील, लहान असताना तिच्यावर मोट चालायची. बैल धावेवरून उतरायला लागले की पोरं नाड्यावर बसून झोके घेत खाली जायची, वर थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, पाणी धबाबा ओतलं जायचं आणि तिथून दगडी पाटानं पेरूच्या बागेकडे पळायचं. हे अण्णांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की दादा आणि मी ते त्यांच्यासोबत ओठातल्या ओठात म्हणायचो. आमच्या पिढीनं मोट पाहिलीच नाही. जुन्या इंदुरातल्या आमच्या वाड्यात एक आड होता. १९७८ साली जलूदहून सत्तर किलोमीटर चढवून नर्मदेचं पाणी शहरात आलं, नळ आले आणि आडावर फरशी पडली. त्या फरशीवर आई पापड वाळत घालायची. विहीर या गोष्टीशी माझा संबंध एवढाच.

अण्णा गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी विहिरीभोवतीची बेशरमची झुडपं काढायला भाड्याचं मोठं मशीन बोलावलं. ड्रायव्हरचा हात अतिशय सफाईदार. बकेटच्या दातांनी त्यानं काडेपेटी उचलून दाखवली असती. दोष त्याचा नव्हता. मी सावलीत उभी, मनगटावर घड्याळ, आणि डोक्यात मिनिटाला वीस रुपये. पूर्वेच्या बाजूला बेशरमच्या मुळांसोबत एक घडीव दगड वर आला. मग दुसरा. मी हात वर केला. आणि त्याच हातावरचं घड्याळ दिसलं. दगड बघायचे तर मशीन थांबवावं लागणार, मशीन थांबलं तरी तास थांबत नाही, आणि ट्रॉलीवाला दुपारनंतर येणार नाही म्हणाला होता. मी हात खाली घेतला. वीस मिनिटांत तिथे मातीचा, मुळांचा, दगडांचा एक ढीग झाला आणि ड्रायव्हरनं जाता जाता तो बकेटच्या पाठीनं छान थोपटून दिला.

थारोळं त्या ढिगाखाली गेलं.

ढीग तीन वर्षं तसाच राहिला. पुन्हा मशीन बोलावायची मला हिंमत होईना. मजूर लावले तर मुरूम आणि काळी माती एकमेकांत अशी बसली होती की कुदळ उडून वर यायची. शेवटी रिटायर झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून मी ठरवलं की भाड्याचा मीटर नसलेलं मशीन पाहिजे. तसं मशीन विकतच घ्यावं लागतं.

आमच्याकडे चाकांवर चालणारं, पुढे सूप आणि मागे सोंड असलेलं कुठलंही मशीन म्हणजे जेसीबी, आणि साखळीवर चालणारं कुठलंही मशीन म्हणजे पोकलेन. जेसीबी ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाची आद्याक्षरं. त्यानं १९४५ साली सुरुवात केली, भारतात त्याचं नाव १९७९ मध्ये आलं, आणि २०१९ च्या मे महिन्यात तर 'जेसीबी की खुदाई' बघणाऱ्या गर्दीवर सगळा देश हसला. पोकलेन ही फ्रान्सची कंपनी. तिची मशीनं आपल्याकडे लार्सन अँड टुब्रो बनवायची. कंपनी विस्मरणात गेली, नाव मागे राहिलं, डालड्यासारखं. माझं मशीन या दोन्हींपैकी नाही. ते जपानी आहे, तिथे वापरून जुनं झालेलं आणि मग बोटीनं इकडे आलेलं. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पंचवीस वर्षं राबलेल्या जिवाची उणीदुणी चारचौघांत नावानिशी काढू नयेत.

हे छोटे पोकलेन जपानमध्ये १९७० च्या आसपास जन्माला आले. अरुंद गल्ल्या, लहान खाचरं, घराला घर चिकटलेलं. म्हणून त्यांची सोंड बुडापाशीच डावी-उजवीकडे वळते, मशीन भिंतीला समांतर उभं करून भिंतीलगत चर खणता येतो. मोठ्या मशीनला हे जमत नाही. माझ्याचं वजन सतराशे किलो, म्हणजे अडीच मारुती ८००. तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, सोळा हॉर्सपॉवर. खोदतं सात फुटांपर्यंत. शेजारच्या पटेल बांच्या नातवानं पाहिल्या पाहिल्या नाव ठेवलं, "जेसीबी का बच्चा." घरी मुलीनं त्याचं मराठी केलं.

देवास नाक्याच्या पुढे एका यार्डात ते उभं होतं. नवा कोरा नारिंगी रंग. मला तिथेच संशय आला, कारण मी फिजिक्स शिकवायचे तेव्हा लॅबमध्ये तपासणीच्या आदल्या दिवशी आम्हीही हेच करायचो. मालकानं अकराला बोलावलं होतं, मी दहाला गेले आणि इंजिनवर हात ठेवला. गरम. म्हणजे सकाळी कधीतरी चालू करून ठेवलेलं. जुनं डिझेल इंजिन गरम असताना कुणाशीही गोड बोलतं. त्याचा खरा स्वभाव थंडीत कळतो. मी "उद्या येते" म्हणून निघाले आणि दुसऱ्या दिवशी सातला दारात उभी. इंजिन आधी तापवणारे ग्लो प्लग दहा सेकंद, चावी, तीन गचके, थोडा पांढरा धूर, मग साफ. ऑइलचं झाकण उघडून पाहिलं, आतून भस्सकन वाफा आल्या नाहीत. पिस्टनच्या रिंगा ठीक होत्या.

मीटर दाखवत होता २९०० तास. मी पेडल पाहिले. रबर पूर्ण झिजून खालचं लोखंड तळहातासारखं गुळगुळीत झालेलं. मीटर शंभर ठिकाणी बदलून मिळतो. पेडल कुणी बदलत नाही. बकेटमध्ये माती भरली, बूम, म्हणजे सोंडेचा बुडाकडचा भाग, वर उचलला, इंजिन बंद केलं, सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर खडूची रेघ मारली आणि नाक्यावर जाऊन पोहे-जलेबी खाऊन आले. वीस मिनिटांत रेघ दोन बोटं सरकली होती, म्हणजे आत तेल थोडं निसटत होतं. त्या वयात इतपत चालायचंच. रबराच्या साखळीवर आतून २३० × ४८ × ६६ असे आकडे असतात, म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, दोन कड्यांमधलं अंतर आणि कड्यांची संख्या. आकडे नीट वाचता येत होते, एका जागी मात्र रबर फाटून आतली तार दिसत होती. मग चालवायला सांगितलं. दोन्ही लिव्हर सारखे पुढे ढकलूनही मशीन डावीकडे वळत वळत जवळजवळ स्वतःच्या शेपटीपाशी आलं.

"दीदी, गाड़ी थोड़ी लेफ्ट मारती है, बस," मालक म्हणाला.

त्या 'बस'वर मी नव्वद हजार कमी केले. पाच लाख दहाचं चार वीसला आलं. नवरा व्यवहार संपेपर्यंत गप्प होता. परतताना गाडीत म्हणाला, "फ्रिज अठरा वर्षांचा झाला तेव्हा तू म्हणालीस, जुन्या वस्तूत पैसे घालू नयेत."

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन ट्रकमधून शेतावर उतरलं. मी धरून चालले होते की महिन्याभरात कामाला लागेल. प्रत्यक्षात ते दिवाळीपर्यंत सोयाबीनच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं, आणि मीही बहुतेक दिवस तिथेच.

उस्ताद मला सांवेर रोडवर सापडले. साठीचे, कानात बिडी, उजव्या हाताची तर्जनी पेरभर कमी. वडील मालवा मिलमध्ये खरादवर (लेथवर) होते म्हणाले. पहिल्याच दिवशी त्यांनी डाव्या साखळीचा निकाल लावून टाकला. पंप गेला. नवा पंप म्हणजे सव्वा लाख, जुन्या बाजारात मिळाला तर सत्तर. मी विचारलं, पंपच कशावरून? "तीस साल से देख रहा हूँ दीदी."

मीही एकतीस वर्षं काहीतरी बघत होते. दोन सिरिंजा, मध्ये प्लॅस्टिकची नळी, त्यात लाल रंगाचं पाणी. बारीक सिरिंज दाबली की जाड सिरिंजवरचं वजन उचललं जातं. पास्कलचा नियम मी अशा रीतीनं किती बॅचेसना दाखवला असेल त्याला हिशेब नाही. या मशीनमध्येही तेच आहे, फक्त पाण्याच्या जागी तेल आणि अंगठ्याच्या जागी पंप. दाब चौरस सेंटीमीटरला दोनशे किलोच्या घरात, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर गव्हाची चार पोती. असं तेल कुठून कुठे जातं आणि वाटेत कुठे चोरी होते, एवढंच शोधायचं होतं.

वाट अशी. पंपाचे दोन भाग, एक डाव्या साखळीला, एक उजव्या. तिथून तेल लिव्हरच्या व्हॉल्व्हमध्ये. तिथून खाली. पण वरचं धड गोल फिरतं आणि खालच्या साखळ्या फिरत नाहीत, मग नळ्यांना पीळ पडेल. म्हणून मधोमध एक फिरता सांधा असतो, स्विव्हल. एकात एक दोन नळकांडी, आतल्याभोवती खाचा, प्रत्येक खाचेत सील. तेल त्या खाचांतून खाली उतरतं आणि साखळीच्या मोटरला फिरवतं. चोरी पंपात, व्हॉल्व्हमध्ये, स्विव्हलमध्ये किंवा मोटरमध्ये.

लॅबमध्ये दोन सर्किटं असतील आणि एक बिघडलं असेल, तर आम्ही तारांची अदलाबदल करायचो. मी उस्तादांना म्हटलं, व्हॉल्व्ह आणि स्विव्हलच्या मधले डावे-उजवे होज, म्हणजे तेलाच्या रबरी नळ्या, उलटे लावा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू चपला उलट्या पायात घालायला सांगितलं. पण लावले. आता डावा लिव्हर उजवी साखळी चालवत होता. मंद साखळी मात्र डावीच राहिली! म्हणजे पंप निर्दोष, व्हॉल्व्ह निर्दोष. सव्वा लाख वाचले. मी शेडमध्ये एकटीनंच टाळ्या वाजवल्या. उस्तादांनी बिडी पेटवली.

मग वरचे होज जागेवर आणून स्विव्हलच्या खालचे, मोटरकडे जाणारे उलटे करायचे होते. ते लांबीला पुरेनात. सांवेर रोडवर चार लांब होज दाबून आणले. लावले. थेंब थेंब गळती. घट्ट केलं, गळती वाढली. आणखी घट्ट केलं, आणखी वाढली. चुडी तर मख्खनसारखी बसत होती. (आटे म्हणायचं असतं, दादा नेहमी दुरुस्त करतो. पण आम्हा इंदुरी मराठ्यांच्या पान्याला चुडीच लागते.) संध्याकाळी दोन्ही तोंडं टॉर्चखाली धरली तेव्हा उलगडलं. जपानी जोडाचे आटे आपल्याकडच्या बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या, जोडाशी तंतोतंत जुळतात, पण आतली बसायची जागा उलटी असते. एकाचं टोक बाहेर निमुळतं, दुसऱ्याचं आत वाटीसारखं. त्यामुळे नट शेवटपर्यंत फिरतो आणि तोंडाला तोंड लागतच नाही. स्थळ पत्रिकेनं जुळावं, आणि पुढे व्हायचं ते व्हावं, तसं. दुकानदाराकडे जपानी तोंडाचे नट निघाले, बरणीच्या तळाशी.

गळती शोधताना मी सवयीनं होजवरून हात फिरवणार होते. उस्तादांनी माझं मनगट धरलं. दोनच क्षण, मग संकोचानं सोडलं. आणि आपली अर्धी तर्जनी दाखवली. सुईएवढ्या भोकातून उडणारं तेल दिसत नाही आणि कातडीतून सरळ आत शिरतं. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते. ते दोन दिवस घरी हळद लावून बसले होते, मग बोट कापावं लागलं. त्या दिवसापासून शेडच्या खिळ्याला एक पुठ्ठा टांगलाय. होजवरून पुठ्ठा फिरवायचा. ओला झाला तर तिथे भोक.

खालचे होज उलटे लावले आणि मशीन चालू केलं. आता उजवी साखळी मंद झाली. चोर स्विव्हलमध्ये सापडला.

स्विव्हल उतरवायला दोन दिवस लागले, उघडायला दहा मिनिटं. आतली सिलं इतकी झिजलेली की एका खाचेतलं तेल सरळ शेजारच्या खाचेत पाहुणं जात होतं. मी माझा जुना व्हर्नियर काढला, खाचांची रुंदी, खोली, आतला व्यास मोजला, वहीत लिहून सियागंजात गेले. सियागंजात किराण्याच्या घाऊक गल्लीला लागूनच बेअरिंग-सिलांच्या गल्ल्या आहेत. जिरं आणि ग्रीस यांचा एकत्र वास जगात दुसरीकडे कुठे येत असेल असं वाटत नाही. दुकानदारानं वही पाहिली आणि विचारलं, "मैडम, नाप किसने लिया?" मी म्हटलं, मी. "झीरो एरर देखा था?" मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. एकतीस वर्षांत किती पोरांनी झीरो एरर, म्हणजे मिटलेला व्हर्नियर शून्यच दाखवतो ना, हे न बघता रीडिंग लिहिलं असेल, आणि इथे सियागंजात!

सिलं तेराशे रुपयांची.

बाकीची कामं कंटाळवाणी होती, थोडक्यात उरकते. बकेटच्या पिनांना चार मिलिमीटरचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, होता, चालताना मशीन कवळी वाजवल्यासारखं वाजायचं. भोकं अंडाकृती झालेली, ती वेल्डिंगनं भरून पुन्हा बोअर केली, खरादवर ईएन-१९ पोलादाच्या पिना केल्या. दोन सिलिंडरांची सील किटं. डिझेलच्या टाकीत तळाला चहाच्या गाळासारखं काहीतरी. हायड्रॉलिकचं तेल सगळं बदललं. सगळ्यात वेळखाऊ निघाली जपानी स्टिकरं. मुलगी मोबाइल धरून भाषांतर करायची. एका लाल स्टिकरवर भला मोठा मजकूर, आम्ही श्वास रोखून वाचला. त्यात होतं की काम सुरू करण्याआधी आजूबाजूच्यांना वाकून नमस्कार करावा की काय असं काहीतरी, भाषांतर तरी तसं म्हणत होतं. आम्ही ते पाळतो. पटेल बा रोज हसतात.

या सगळ्याला एक लाख साठ हजार लागले. दादाला मी एक दहा सांगितले. हे तो वाचेल.

चालवायला शिकणं हा वेगळाच अध्याय. दोन हातांत दोन लिव्हर, चार दिशा प्रत्येकाला. पूर्वी जपानमध्ये प्रत्येक कंपनीची लिव्हरची भाषा निराळी असे आणि माझं मशीन त्या काळातलं. उस्तादांचा हात दुसऱ्या भाषेत वळलेला, त्यामुळे त्यांनी पहिल्याच फटक्याला शेडचा पत्रा वाकवला. मला जुनी सवयच नव्हती, म्हणून मी लवकर शिकले. पहिल्या आठवड्यात मी एका वेळी एकच हालचाल करायचे. बूम. थांब. आर्म. थांब. बकेट. कवायत केल्यासारखं. मग एके दिवशी, कार्तिकात, दोन्ही हात आपापले चालले आणि बकेट जमिनीला समांतर सरकत आली, सायीवरून चमचा फिरावा तशी. मी इंजिन बंद करून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

काळ्या मातीत एवढं धूड रुतेल अशी सगळ्यांना भीती. मी हिशेब केला होता. दोन्ही साखळ्या मिळून जमिनीला टेकतात साधारण पावणेसहा हजार चौरस सेंटीमीटर, वजन सतराशे किलो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला तीनशे ग्रॅमदेखील नाही. चालताना एका पायावर येणारा माझाच भार याहून जास्त पडतो. अर्थात हे सुक्या जमिनीचं. मालव्याची काळी माती पावसात फुगते आणि साखळीला अशी चिकटते की मशीन सतराशेचं दोन हजाराचं होतं. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, भेगेत हात कोपरापर्यंत जातो. काम करायचं ते मार्गशीर्ष-पौषात, माती हातात घेतली तर लाडू वळेल आणि टाकली तर फुटेल अशी असते तेव्हा.

आजूबाजूचे शेतकरी बघायला यायचे आणि निघताना विचारायचे, "तासाला किती?" मी देत नाही म्हटल्यावर त्यांना अपमान वाटायचा. एका-दोघांच्या पाइपलाइनचे चर मी फुकट खणून दिले. पैसे घेतले असते तर घड्याळ परत आलं असतं. पटेल बांना हे पटलं नाही. त्यांच्या मते मशीन असो की बैल, उभं राहिलं तर खातंच. खरं आहे ते. माझं मशीन बहुतेक वेळ उभंच असतं.

ढिगाला हात लावला मकर संक्रांतीनंतर. विहिरीच्या काठाला मशीन न्यायचं नाही, हे आधीच ठरलेलं. शंभर वर्षांचा चुना, त्यावर दीड-दोन टन आणि इंजिनची थरथर, नकोच. ढिगाच्या बाहेरच्या बाजूनं, काठापासून पंधरा फूट लांब मशीन उभं करून मी सूप भरून माती ओढायची, मागे टाकायची, इंजिन बंद करायचं आणि खाली उतरून बघायचं. पहिल्या दिवशी सोळा वेळा उतरले. गुडघ्यांनी तक्रार केली. चौथ्या दिवशी पहिला घडीव दगड दिसला, तिरपा. त्या दिवशी पुढे काहीच केलं नाही. दगडाचा फोटो काढला, त्याच्यावर खडूनं एक लिहिलं, आणि डबा खाल्ला. नवरा आला होता. त्यानं विचारलं, "आजचं काम संपलं?" साडेअकरा वाजले होते.

असे सतरा दगड निघाले. काही नुसते बांधाचे. एकाला टोकाशी घळ होती, दोरानं घासून घासून पडलेली, तळहाताएवढी रुंद. नाड्याचीच असणार. पटेल बा म्हणाले, चडसची. आमची मोट ती त्यांची चडस, शब्दावरून आमचं दहा मिनिटं प्रेमळ भांडण झालं आणि मिटलं नाही.

अठरावा दगड बकेटच्या दातांना लागला तो आवाजच वेगळा होता. खणखणीत नाही, भरीव. मी हात लिव्हरवरून काढले. मशीन मागे घेतलं, आणि त्यानंतरचे सहा दिवस ते तसंच उभं राहिलं, कारण पुढचं काम खुरप्याचं, खराट्याचं आणि स्वयंपाकघरातल्या उलथन्याचं होतं. थारोळं जागेवरच होतं. एका अखंड दगडात कोरलेलं, परातीसारखं उथळ, एक कडा फुटलेली. ती कडा ताजी फुटलेली दिसत होती, तीन वर्षांपूर्वीची. त्याबद्दल मी कुणाशी काही बोलले नाही. दुसऱ्या टोकाला तोंड, तिथून पाटाचा पहिला दगड सुरू होत होता आणि मातीत शिरत होता.

दादाला व्हिडिओ कॉल केला. तो बराच वेळ नुसता बघत होता. मग म्हणाला, "पाणी टाक ना त्यात."

पटेल बांनी लोटा भरून आणला आणि थारोळ्यात ओतला. पाणी क्षणभर कडेकडेनं फिरलं, तोंडाशी आलं, पाटाच्या दगडावर गेलं आणि डावीकडे वळलं. नाल्याच्या बाजूला. पेरूची बाग उजवीकडे होती. बाग आता नाही, पण तिची जागा मला आणि दादाला डोळे मिटून माहीत आहे. अण्णांनी शंभरदा सांगितलेलं, पाणी बागेकडे पळायचं.

"पत्थर बैठ गया होगा," पटेल बा म्हणाले. मशीनच्या भारानं, नाहीतर काळ्या मातीनं उचलला असेल. मी स्पिरिट लेव्हल लावली. दगड जवळजवळ सपाट होता, कलला असला तर बुडबुड्याच्या अर्ध्या रेघेएवढा. तेवढ्यानं पाणी फिरतं का? फिरतंही. बा आणखी दोन लोटे ओतून बघत राहिले. दोन्ही वेळा पाणी डावीकडेच गेलं.

"अण्णा चुकले असतील का गं?" फोनमधून दादा म्हणाला.

डावीकडे खणायचं तर मशीन नाल्याच्या बाजूनं फिरवून आणावं लागेल, तिथे उतार आहे, आधी वाट करावी लागेल. उजवीकडे खणलं तर लगेच सुरू करता येईल. मी चावी काढून ओढणीच्या टोकाला बांधली. सव्वाचार वाजले होते आणि बांनी चहासाठी काटक्या पेटवल्या होत्या.